शनिवारचे मास्तर

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आमच्या अभ्यासिकेत बावीस माणसे शिकवायला आली. मुले त्या दिवशी एकोणीस होती. पावसाने झोड उठवली होती, घाटकोपरच्या डोंगराच्या अंगच्या गल्ल्यांतून पाणी धो धो वाहत होते, त्यामुळे निम्मीअधिक मुले घरीच राहिली. पाहुण्यांची बस मात्र वेळेवर आली. साऱ्यांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे, पाठीवर एकच बोधवाक्य. कुणाच्या हातात रंगपेट्या, कुणाच्या हातात बिस्किटांचे खोके, आणि बहुतेकांच्या हातात फोटो काढायला सज्ज असलेले फोन. एका मोठ्या कंपनीची ही मंडळी होती, आणि एका अधिकाऱ्याबरोबर त्याची बारावीतली मुलगीही आली होती. मुलुंडला राहणारी, चांगल्या मराठी घरातली मुलगी.

तिच्या वाट्याला तिसरीतल्या तीन मुली आल्या. ती त्यांना अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सशाची गोष्ट सांगू लागली. तिघींतली एक चुणचुणीत पोर बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी तिने विचारले, "ताई, तुम्ही मराठी नाही का?" मुलगी जरा ओशाळली. म्हणाली, "आहे ना. पण मला मराठीत शिकवायला जमत नाही." त्यावर ती पोर अगदी सहज म्हणाली, "मग आम्ही शिकवू?"

आजूबाजूचे हसले. कुणीतरी फोटो काढला. मुलगीही हसली आणि सशाची गोष्ट पुन्हा सुरू झाली.

निघताना तिने माझ्यासमोर एक छापील कागद ठेवला. तिने आमच्याकडे वीस तास 'स्वयंसेवी अध्यापन' केल्याचा तो दाखला होता. परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला तो जोडायचा होता. शिकवणे झाले होते तीन तास, त्यातही एक तास बिस्किटांचा. पण तिचे वडील शेजारी उभे होते, संस्थेला त्यांच्या कंपनीकडून बाके मिळायची होती, आणि पाऊस थांबला होता. मी सही केली. हा लेख म्हणजे त्या सहीचे प्रायश्चित्त आहे असे वाचकांनी समजावे. मुलीवर माझा राग नाही. ती वागली ते आम्ही मोठ्यांनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणेच. माझे भांडण त्या रीतीशी आहे.

त्या रात्री मला राहून राहून आठवत होती ती एक अमेरिकन म्हातारी. आमच्या घाटकोपरहून पुढचेच स्टेशन विक्रोळी. तिथे रुळांच्या पूर्वेला गोदरेजची वसाहत आहे. १९४३ साली लिलावात घेतलेल्या जमिनीवर उभी राहिलेली. त्या वसाहतीत १९६६ च्या अखेरीस जॉर्जिया संस्थानातल्या प्लेन्स नावाच्या खेड्यातून लिलियन कार्टर नावाच्या बाई राहायला आल्या. वय अडुसष्ट. पेशाने परिचारिका, नवरा १९५३ साली वारलेला, चार मुले आपापल्या संसारात. त्यांचा थोरला मुलगा जिमी पुढे १९७७ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण विक्रोळीला आल्या तेव्हा त्या कुणाच्याच राजमाता नव्हत्या. 'पीस कोअर' या संघटनेच्या त्या एक साध्या स्वयंसेविका होत्या.

ही संघटना केनेडींनी १ मार्च १९६१ रोजी सुरू केली. त्याच वर्षी तिचे पहिले स्वयंसेवक पंजाबात आले आणि १९७६ पर्यंत एकूण चार हजारांहून अधिक जण या देशात येऊन गेले. कुणी शाळेत शिकवले, कुणी कोंबड्या पाळायला शिकवल्या, कुणी विहिरी खणल्या. मला आज त्यांच्या कामाचा हिशेब मांडायचा नाही. मला सांगायचे आहे ते त्यांच्या तयारीबद्दल.

लिलियनबाईंना विक्रोळीत पाऊल टाकण्याआधी शिकागोला तीन महिने प्रशिक्षण घ्यावे लागले. आयुष्यभर रोग्यांची सेवा केलेल्या बाईला कुणी म्हटले नाही की, तुम्हाला सारे येतेच आहे, उद्याच्या विमानाने निघा. मानसशास्त्रज्ञांनी त्यांना तपासले. आणि मुख्य म्हणजे, त्यांना मराठी शिकावी लागली. आपली मराठी! सत्तरीला टेकलेल्या बाईने, जिच्या कानावर जन्मात कधी 'ळ' पडला नसेल तिने, शिकागोत बसून ही भाषा घोकली, कारण ज्यांची सेवा करायची ते लोक ती बोलत होते. इंग्रजी जाणणारे चार अधिकारी विक्रोळीत सहज भेटले असते आणि भागलेही असते. पण दवाखान्याच्या दारात येणारी बाई इंग्रजीत कण्हत नाही, हे त्या प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांना कळत होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या काळी या प्रशिक्षणाला गाळणी होती. ते पुरे केले की निघालाच, असे नव्हते. शिकणाऱ्यांवर नजर असे, सोबतच्यांचे मतही विचारले जाई, आणि अखेरीस काहींना स्पष्ट सांगण्यात येई की, तुमचा हेतू उत्तम आहे, परंतु तुम्ही या कामाला योग्य नाही, घरी जा. फुकट राबायला तयार असलेल्या माणसाला 'नको' म्हणण्याची ही हिंमत! आपल्याकडे फुकट म्हटले की ते पवित्रच ठरते. दान घेणाऱ्याने दाताचे दात मोजू नयेत, अशी आपली वृत्ती आहे. पण इथे दान घेणारी मुले आहेत, आणि दात मोजायचे काम मुलांच्या वतीने आम्हा मोठ्यांचे होते.

आता कुणी म्हणेल की, बाई, तुम्हाला अमेरिकेचे फारच कौतुक दिसते. तसे मुळीच नाही. ही पोरे साऱ्या जगभर पाठवण्यात अमेरिकेचे राजकारण होते, रशियाशी चाललेली चढाओढ होती, हे शाळकरी मुलालाही कळेल. आणि प्रशिक्षणाने सारे साधते असेही नाही. १९६१ च्या ऑक्टोबरातली नायजेरियातली गोष्ट प्रसिद्ध आहे. हार्वर्डला तयारी करून आलेल्या आणि इबादानच्या विद्यापीठात पुढचे प्रशिक्षण घेत असलेल्या एका तरुण स्वयंसेविकेने घरी पोस्टकार्ड लिहिले. त्यात तिथल्या मागासलेपणाचे, रस्त्यावरच चालणाऱ्या जगण्याचे वर्णन होते. ते कार्ड टपालात पडण्याऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्यांनी त्याच्या प्रती काढून वाटल्या, निषेधाच्या सभा झाल्या, आणि त्या मुलीला परत जावे लागले. मला या गोष्टीत त्या मुलीपेक्षा ते विद्यार्थी मोठे वाटतात. त्यांनी पाहुणीला ठणकावले की, आमच्या दारात उभी राहून तू आमच्याबद्दल काय लिहितेस ते आम्ही वाचणार. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांचे किती फोटो आजवर किती फोनांतून कुठे कुठे गेले, त्यांखाली काय काय लिहिले गेले, ते या मुलांनी कधी वाचले आहे? त्यांच्या आयांना कुणी विचारले आहे?

याहीपुढे जाऊन बोलणारा एक माणूस होऊन गेला. इव्हान इलिच. मेक्सिकोत मिशनऱ्यांना आणि स्वयंसेवकांना स्पॅनिश शिकवणारे केंद्रच त्याने चालवले होते, म्हणजे बोलणारा आतला होता. १९६८ साली सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांवर उपकार करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्याने तोंडावर सांगितले की, तुमचे सद्हेतू खड्ड्यात घाला. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला म्हणून येऊ नका. ज्यांच्यात जाता त्यांना तुमची भाषा कळत नाही, आणि ते तुम्हाला 'चालते व्हा' म्हणूही शकत नाहीत. मी इलिचइतकी कठोर नाही. पण त्याच्या या शेवटच्या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नाही. आमची एकोणीस मुले त्या बावीस जणांना 'चालते व्हा' म्हणू शकत नव्हती. आणि जी म्हणू शकत होती, ती मी, बाकांकडे डोळे लावून बसले होते.

विक्रोळीकडे पुन्हा वळते, कारण लिलियनबाईंची गोष्ट शिकागोत संपत नाही. त्यांना इथे दिलेले पहिले काम कुटुंबनियोजनाचे होते. ते दिवस लाल त्रिकोणाचे, 'दोन किंवा तीन पुरेत'चे. ते काम त्यांना मानवले नाही. परक्या देशातल्या गरीब बाईला तिच्या मुलांची संख्या सांगणे त्यांना जड गेले असेल तर नवल नाही. पुढे त्या दवाखान्यात रुग्णसेवेला लागल्या. तिथे कुष्ठरोगी त्यांच्यासमोर आले. पन्नासएक वर्षांपूर्वी परिचारिकेची विद्या शिकलेली ही बाई पहिल्या रुग्णाला पाहून घाबरली, आणि मग त्या भीतीवर तिने मात केली. मुलाने पुढे आईच्या त्या अनुभवावर कविता लिहिली. आईची घरी पाठवलेली पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली. एकवीस महिन्यांनी, सत्तरी गाठता गाठता, त्या परत गेल्या. १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दिन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेतर्फे आल्या, तेव्हा वेळ काढून विक्रोळीलाही जाऊन आल्या.

म्हणजे प्रशिक्षण पुरे झाल्याचा शिक्का शिकागोत बसला, आणि शिकणे खरे सुरू झाले ते विक्रोळीत, जेव्हा नेमून दिलेले काम जमेना आणि समोरच्या माणसाची भीती वाटू लागली तेव्हा. ही भीती वाटायला वेळ लागतो. नावडते काम नावडते आहे हे कळायलासुद्धा काही महिने जावे लागतात. शनिवारी अकराला येऊन दोनला जाणाऱ्याला सारेच आवडते, मुले गोड वाटतात, वस्ती रंगीत वाटते. त्याला भीती वाटत नाही, कंटाळा येत नाही, आणि म्हणून त्याला शिकायलाही काही मिळत नाही.

इथे मला माझेही माप पदरात घालून घेतले पाहिजे, नाहीतर हे सारे लिहिण्याचा मला अधिकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. सकाळी मी बालवर्ग घेते, दुपारी तिसरी-चौथीची अभ्यासिका. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिलीपासून आठवीपर्यंतच्या शिक्षकाला किमान पात्रता ठरवून दिली आहे. त्या पात्रतेत मी बसत नाही, म्हणून मला पहिलीचा वर्ग मिळत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गंमत पाहा. ज्या मुलांना पगारी शिक्षक व्हायचे तर पदविका हवी, पात्रता परीक्षा हवी, त्याच मुलांचा फुकट मास्तर व्हायला एक रंगीत सदरा पुरतो.

आता माझा अपराध. मी शिकवायला लागले त्याला पहिली दोन-तीन वर्षे झाली असतील. साताऱ्याकडून नुकताच आलेला एक मुलगा अभ्यासिकेत होता. त्याने 'माझी आजी' या विषयावर पाच ओळी लिहिल्या. 'आजी पानी आनती', ही त्यातली पहिली. मी 'पानी'वर लाल रेघ मारली, 'आनती'वर मारली, आणि वर्गासमोर त्याला 'पाणी' दहादा म्हणायला लावले. तो म्हणाला, "पन आजी तर पानीच म्हनती." मी म्हणाले, "आजीचे चुकते." त्यानंतर वर्षभर त्या मुलाने माझ्या वर्गात तोंड उघडले ते फक्त हजेरीला. माझ्या पहिल्या कादंबरीतली माणसे अस्सल बोलीत बोलतात म्हणून ज्या वर्षी चार लोकांनी मला वाखाणले, त्याच वर्षाची ही गोष्ट. कागदावर जी बोली मला अलंकार वाटत होती, ती पोराच्या वहीत मला चूक वाटली. मी घाटकोपरची, मराठी बोलणारी, त्या वर्गापासून दोन गल्ल्यांवर राहणारी. पण त्या मुलाच्या लेखी मी सातासमुद्रापलीकडून आलेली होते, आणि तीसुद्धा प्रशिक्षण न घेता.

पुढे कधीतरी मला मॅक्सीन बर्नसन यांच्याविषयी कळले, तेव्हा मी मनातल्या मनात खाली मान घातली. या अमेरिकन बाई १९६१ साली भारतात आल्या, आणि १९६६ पासून, म्हणजे लिलियनबाई विक्रोळीला आल्या त्याच वर्षापासून, फलटणला राहिल्या. त्यांनी मराठी शिकली ती कामापुरती नव्हे. फलटणची माणसे कशी बोलतात आणि त्यांच्या बोलण्यात सामाजिक भेद कसे उमटतात, यावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९७३ साली त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. ज्या 'पानी'वर मी रेघ मारली, तसल्या शब्दांकडे त्यांनी वर्षानुवर्षे कान देऊन पाहिले. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके केली. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना त्यांनी वाचायला शिकवले, प्रगत शिक्षण संस्था काढली, १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. त्या परतल्याच नाहीत. साऱ्यांनी असे राहावे असे मी म्हणत नाही. तसे कोणी म्हणू नये. पण आधी ऐकायचे आणि मग शिकवायचे हा क्रम त्यांनी पाळला, आणि आम्ही तो उलटा करून टाकला, एवढे मात्र म्हणते.

आणि उलटे झाले आहे ते केवळ क्रमाचे नव्हे, दिशेचेही. त्या काळी माणसे समुद्र ओलांडून आमच्या उपनगरात शिकवायला येत. आता आमची मुले समुद्र ओलांडता यावा म्हणून आमच्या उपनगरात शिकवायला येतात. मुलुंडहून घाटकोपरला पाच स्टेशने. तेवढ्या वाटेत त्यांना एका अनोळखी देशातून दुसऱ्या देशाच्या दाराशी जाता येते. मधला देश म्हणजे आम्ही. आमची मुले त्यांच्या अर्जाला जोडलेला एक कागद. लिलियनबाईंना आमच्या दारापर्यंत यायला तीन महिने शिकावे लागले. आमच्याच मुलांना त्यासाठी तीन मिनिटेही लागू नयेत?

यावर ठरलेले आक्षेप येतील, ते मला पाठ आहेत. पहिला असा की, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे. वरणात मीठ पडले नाही तर चालते, पण म्हणून वाळू घातलेली चालत नाही. 'तुम्हाला येत नाही, आम्ही देतो' हा धडा मुले तीन तासांतही शिकतात, आणि तो पुसायला मला पुढचा आठवडा जातो. दुसरा आक्षेप असा की, मुलांना इंग्रजी हवेच आहे. हवे आहेच! त्यांच्या आयाबापांना ते माझ्यापेक्षा अधिक हवे आहे. पण इंग्रजी शिकवायचे तर मुलाला आधी काय येते ते ठाऊक हवे, आणि त्याला जे येते ते मराठीत येते. शिकवणाऱ्याला मुलाची भाषा नको असेल, तर तो इंग्रजी शिकवत नाही, नुसता इंग्रजी बोलून दाखवतो. तिसरा आक्षेप जरा नाजूक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावायला सांगितले, त्यातून शाळांना बाके मिळाली, संडास मिळाले. ते सारे मी बुडवायला निघाले आहे काय? नाही. बाके जरूर द्या. पण बाक देणाऱ्याला त्या बाकापुढे उभे राहून शिकवण्याचा हक्क मिळतो, हे कोणत्या कलमात लिहिले आहे?

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात सांगते. ज्याला कुणाला आमच्या मुलांना फुकट शिकवायचे आहे, त्याने पहिले दोन आठवडे वर्गात मागच्या भिंतीशी बसावे आणि बोलू नये. फोन बाहेर ठेवावा. मुलांच्या बोलण्यातले आपल्याला न कळलेले पन्नास शब्द वहीत लिहून काढावेत आणि त्यांचे अर्थ मुलांकडूनच शिकावेत. मग किमान एक शालेय वर्ष, आठवड्यातून दोन दिवस यायचे कबूल करावे. आम्ही शिक्षकांनी त्याच्यावर नजर ठेवावी, आणि जमत नसेल तर त्याला, तो कुणाचाही मुलगा असो, स्वच्छ शब्दांत 'नको' म्हणावे. दाखला द्यायचाच तर वर्षअखेरीस द्यावा, आणि त्यावर झालेले तास खरे लिहावेत. मी पुन्हा खोटी सही करणार नाही. त्यापायी आमची बाके गेली तर मुले सतरंजीवर बसतील. आजवर बसतच आली आहेत.

आणि जे मी इतरांना सांगते ते मीही करते आहे. आता 'पानी' लिहिणाऱ्या मुलाला मी विचारते, तुझ्या घरी आणखी काय काय कसे म्हणतात ते सांग. ते सारे फळ्यावर एका बाजूला लिहिते, पुस्तकातले दुसऱ्या बाजूला. मुले दोन्हीकडे पाहतात. पुस्तकातले शिकायला त्यांची ना नसते, फक्त आजीचे चुकते असे कुणी म्हणालेले त्यांना सोसत नाही. तो साताऱ्याचा मुलगा मात्र आता मोठा होऊन कुठे गेला ते मला ठाऊक नाही. त्याची आजी पानीच आणत होती, एवढे त्याला सांगायचे राहून गेले आहे.

राहता राहिली मुलुंडची मुलगी. "मग आम्ही शिकवू?" असे तिसरीतल्या पोरीने तिला विचारले तेव्हा तिला तिच्या प्रशिक्षणाचे आमंत्रणच मिळाले होते. तिने ते हसण्यावारी नेले, आणि मीही नेले. परदेशी निघण्याआधी तिच्याजवळ काही महिने असतील, तर आमची अभ्यासिका दुपारी दोन ते पाच असते. मागच्या भिंतीशी जागा आहे. ती पोर आता चौथीत गेली आहे, आणि शिकवायला अजून तयार आहे.